नेपिडॉच्या ढिगाऱ्यात उतरलेली दहा झुरळे : एका शोधमोहिमेचा प्रकरण अभ्यास

२८ मार्च २०२५ रोजी दुपारी एक वाजायला दहा मिनिटे असताना म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र मंडालेजवळ होते. टिळकांच्या कारावासामुळे मराठी माणसाला ठाऊक असलेले तेच मंडाले. सगाइंग प्रस्तरभंगावरची फाट ४०० किलोमीटरहून लांब गेली, त्यामुळे दक्षिणेला अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेली राजधानी नेपिडॉही वाचली नाही. सरकारी इमारती, घरे, हॉटेले कोसळली, विमानतळाचा नियंत्रण मनोरा पडला. देशभरात तीन हजारांहून अधिक माणसे गेली.

३० मार्चला सिंगापूरच्या नागरी संरक्षण दलाचे ८० जणांचे पथक तिथे पोहोचले. या पथकाबरोबर दहा जिवंत झुरळे होती. प्रत्येक झुरळ साधारण सहा सेंटिमीटर लांब, आणि त्याच्या पाठीवर सर्किट, बॅटरी आणि इन्फ्रारेड कॅमेरा. ३१ मार्चला ती पहिल्यांदा ढिगाऱ्यात सोडली, ३ एप्रिलला आणखी दोनदा. कीटक आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र यांची अशी जोडगोळी खऱ्या आपत्तीत मदतीसाठी उतरण्याची जगातली ही पहिली वेळ होती. त्यांना एकही जिवंत माणूस सापडला नाही.

या घटनेच्या बातम्या दोन टोकांच्या झाल्या. एकीकडे ‘सायबोर्ग झुरळे माणसे वाचवणार’ असा गाजावाजा, दुसरीकडे ‘काही हाती लागले नाही’ म्हणून दुर्लक्ष. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. नेपिडॉत जे घडले ते नीट समजायचे तर आधी दोन दशके मागे जावे लागते, कारण या तंत्राची खरी गोष्ट ताबा सोडण्याची आहे. संशोधकांनी कीटकाला हवे तसे चालवण्याचा हट्ट जसजसा कमी केला, तसतसे ते कामाचे होत गेले. नेपिडॉत जे कमी पडले ते बहुतांशी झुरळाच्या भोवतालच्या व्यवस्थेत कमी पडले, असे माझे मत आहे.

ताब्याचा हट्ट

झुरळाच्या मिशांना विजेचे हलके धक्के देऊन त्याला वळवण्याचे प्रयोग टोकियो विद्यापीठात १९९७ च्या सुमारासच झाले होते. पण या विषयात मोठा पैसा आला तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेकडून, २००६ पासून. अमित लाल यांच्या देखरेखीखाली एक कार्यक्रम सुरू झाला: कीटकाच्या शरीरात सूक्ष्मयंत्रे बसवायची आणि तो कीटक उडवत न्यायचा. उद्दिष्ट अगदी मोजून दिलेले होते. शंभर मीटर अंतरावरच्या लक्ष्यापासून पाच मीटरच्या आत कीटक उतरला पाहिजे.

त्यातली एक कल्पना अजूनही मला विलक्षण वाटते. कॉर्नेल विद्यापीठात तंबाखूवर पडणाऱ्या सुरवंटाच्या पतंगावर काम झाले. यंत्र पूर्ण वाढलेल्या पतंगावर चिकटवण्याऐवजी ते कोषावस्थेतच आत ठेवायचे. कोषात सुरवंटाचे शरीर मोडून पतंगाचे नवे शरीर घडत असते. त्या घडणीतच उती यंत्राभोवती वाढतात, जखम भरून येते आणि पतंग बाहेर पडतो तो यंत्र अंगात घेऊनच. सूक्ष्मनिर्मितीच्या तंत्राने बनवलेला इवलासा इलेक्ट्रोड आणि निसर्गाचे रूपांतर यांची अशी सांगड याआधी कोणी घातली नव्हती.

दुसरी वाट अमेरिकेतल्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेची. हिरोताका सातो आणि मिशेल माहार्बिझ यांनी २००९ मध्ये रेडिओने चालणारा भुंगा दाखवला. मेसिनोर्हिना टॉर्क्वाटा हा आफ्रिकेतला फुलांवरचा दणकट भुंगा. त्याच्या मेंदूतल्या दृष्टिखंडांत इलेक्ट्रोड घालून, विजेचे ठरावीक स्पंद देऊन पंखांची फडफड सुरू करता आणि थांबवता आली. उडण्याच्या स्नायूंपैकी डावा किंवा उजवा उद्दीपित केला की भुंगा वळे. बातमी जगभर गेली, आणि गुप्तहेर भुंग्यांची भीतीही तिच्याबरोबर पसरली.

प्रयोगशाळेत मात्र अडचणी वेगळ्याच होत्या. उडणाऱ्या कीटकाला वजन सोसत नाही. भुंगा पाठीवर ग्रॅम-दीड ग्रॅम घेऊन उडू शकतो, पण तेवढ्यात बॅटरी, रेडिओ आणि उपयोगाचा सेन्सर असे सगळे बसवणे अवघड. शिवाय उड्डाण क्षणाक्षणाला सावरावे लागते. माणसाने दिलेला आदेश आणि भुंग्याची स्वतःची सावरण्याची धडपड यांची टक्कर झाली की तो भरकटतो.

या टप्प्यावर जीवशास्त्राला एक अनपेक्षित लाभ झाला. भुंग्याच्या पंखाच्या मुळाशी एक छोटा स्नायू असतो. तो पंख मिटण्यापुरता आहे असा बराच काळ समज होता. मोकळ्या उडणाऱ्या भुंग्यावर सर्किट बसवून नोंदी घेतल्या तेव्हा तो स्नायू दिशा बदलण्यात प्रत्यक्ष काम करतो असे दिसले. २०१५ मध्ये सातो आणि सहकाऱ्यांनी हे मांडले. बांधून ठेवलेल्या कीटकावर हे कळले नसते. यंत्राला भुंग्यावर हुकूम चालवता आला नाही, तरी भुंगा उडतो कसा हे त्याने दाखवले. या क्षेत्राचे हे खरे देणे आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

उड्डाणाकडून चालण्याकडे

सातो बर्कलेहून सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात गेले होते. तिथे काम हळूहळू उडणाऱ्या भुंग्यांकडून जमिनीवरच्या कीटकांकडे सरकले. निवड झाली मादागास्करच्या फुत्कारणाऱ्या झुरळाची. आपल्या मोरीतल्या झुरळाशी त्याची तुलना करू नये. ते मोठे, जाड पाठीचे आणि बिनपंखी असते, संथ चालते, काही वर्षे जगते आणि काही ग्रॅमचे ओझे पाठीवर घेऊन चढउतार करते. डिवचले की श्वासरंध्रांतून हवा जोरात बाहेर टाकून फुस्स आवाज करते, म्हणून ते नाव.

अभियंत्याच्या नजरेने या निवडीचे मर्म ऊर्जेत आहे. याच आकाराचा संपूर्ण यांत्रिक रोबो बनवायचा तर त्याची बहुतेक बॅटरी पाय हलवण्यातच संपते. हार्वर्डमध्ये बनलेला हॅमर नावाचा झुरळाएवढा चालता रोबो अत्यंत कुशल कारागिरीचा नमुना आहे, तरी स्वतःच्या बॅटरीवर तो काही मिनिटेच चालतो. जिवंत झुरळाच्या पायांना बॅटरी लागत नाही. ते खाल्लेल्या अन्नावर चालते. पाठीवरच्या बॅटरीने फक्त दिशेचा संकेत द्यायचा, कॅमेरा चालवायचा आणि संदेश पाठवायचा. शिवाय दगड, फट, ओली माती, उभी भिंत यांवर पाय कुठे टेकवायचा हा हिशेब कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीने झुरळाच्या चेतासंस्थेत आधीच बसवलेला आहे. तो आपल्याला प्रोग्रॅममध्ये लिहावा लागत नाही.

दिशा देण्याची युक्ती तशी सरळ. झुरळाच्या मिशा म्हणजे अंधारातला त्याचा हात. उजव्या मिशीत बारीक इलेक्ट्रोड बसवून विजेचे हलके स्पंद दिले की उजवीकडे काही आडवे आले असे झुरळाला ‘वाटते’ आणि ते डावीकडे वळते. शरीराच्या मागच्या टोकाला सर्सी नावाची दोन छोटी उपांगे असतात. मागून येणाऱ्या शत्रूच्या हालचालीने हवा हलली की ती झुरळाला पळायला लावतात. तिथे स्पंद दिले की झुरळ पुढे धावते. म्हणजे आपण स्नायूंना हुकूम देत नाही, संवेदनांतून सूचना देतो आणि पुढचा निर्णय झुरळाचा. शेतकरी बैलाचे पाऊल उचलत नाही, कासऱ्याला हलका ओढा देतो. पाऊल कुठे टाकायचे ते बैलाला कळते. इथेही तसेच.

पण कासरा सतत ओढला तर बैलही हट्टाला पेटतो. झुरळाच्या बाबतीत अडचण सरावाची आहे. तोच संकेत पुन्हापुन्हा मिळाला आणि प्रत्यक्षात समोर काहीच आडवे आले नाही, तर चेतासंस्था त्याकडे दुर्लक्ष करू लागते. सुरुवातीच्या प्रयोगांत ठरवलेल्या रेषेवरून झुरळ चालवण्याचा आग्रह असे. सतत धक्के, सतत दुरुस्ती. अडथळ्याशी आले की गोष्ट आणखी बिघडे. झुरळ स्वतःच्या बुद्धीने अडथळ्याला वळसा घालू पाहत असे आणि नियंत्रक त्याला पुन्हा त्याच अडथळ्याकडे ढकलत असे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नानयांगच्या कामात हा आग्रह सोडलेला दिसतो. झुरळाला आपल्या मनाने चालू द्यायचे, ते थांबले किंवा फारच भलतीकडे गेले तरच हलकेच टोकायचे. पाठीवरच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याचे चित्र तिथल्या तिथे तपासून ‘हा माणूस आहे की नाही’ एवढे ठरवायचे. माणूस ओळखण्यात त्यांची अचूकता सुमारे ८७ टक्के होती. त्यानंतर सातो यांचा गट आणि जपानमधले संशोधक यांनी मिळून झुरळांच्या झुंडीचे काम केले: एक म्होरक्या, बाकीचे त्याच्या मागोमाग, आणि प्रत्येकाला शेजाऱ्यांच्या सोबतीने वाट काढण्याची मोकळीक. त्यातही दिसले ते हेच, की मोकळीक दिली की टोचावे बरेच कमी लागते.

एप्रिल २०२४ मध्ये सिंगापूरच्या गृह मंत्रालयाच्या एचटीएक्स या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने नानयांग आणि क्लास इंजिनिअरिंग या कंपनीबरोबर विकसित केलेली ही झुरळे एका प्रदर्शनात मांडली. प्रत्यक्ष वापर २०२६ पासून करायचा असा विचार होता. भूकंप त्याच्या आधी आला.

नेपिडॉत काय कसोटीला लागले

आधी वेळेचा हिशेब. ढिगाऱ्यात अडकलेली माणसे जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या ७२ तासांनंतर झपाट्याने घटते, असे बचावपथके मानतात. २८ मार्चच्या दुपारपासून मोजले तर ७२ तास ३१ मार्चच्या दुपारी पूर्ण होतात. झुरळे पहिल्यांदा उतरली तो दिवस ३१ मार्च. पुढच्या दोन फेऱ्या ३ एप्रिलच्या, म्हणजे सहा दिवस उलटल्यावर. जिथे जिवंत माणूस असण्याची शक्यताच फार कमी उरली होती तिथे तीन फेऱ्यांत कोणी सापडले नाही, यावरून साधनाची लायकी ठरत नाही. कुत्र्यांचे पथक किंवा आवाज टिपणारे सेन्सर याच वेळी, याच जागी उतरले असते तरी हाच निकाल लागण्याची शक्यता मोठी होती.

तरीही त्याच शहरातल्या एका दुसऱ्या घटनेकडे बघितल्याशिवाय हा मुद्दा सोडता येत नाही. २ एप्रिलला, भूकंपानंतर जवळजवळ १०८ तासांनी, नेपिडॉतल्या एका कोसळलेल्या हॉटेलातून २६ वर्षांचा कर्मचारी जिवंत बाहेर काढला गेला. तुर्की आणि स्थानिक जवानांनी एंडोस्कोपसारखा केबलवरचा कॅमेरा फटीतून आत घातला, हा कर्मचारी कुठे आहे आणि जिवंत आहे हे बघितले, आणि मग मजल्याला भोक पाडून त्याला बाहेर घेतले.

केबलच्या कॅमेऱ्याची आणि झुरळाची तुलना मला या प्रकरणाचा गाभा वाटते. केबल आठ-दहा वळणे घेऊ शकत नाही, सांध्यात अडकते, फार खोल जात नाही. झुरळ जाते. पण केबलचे दोन गुण झुरळाकडे नाहीत. पहिला, चित्र तारेतून लगेच बाहेर येते. दुसरा, केबल किती आत गेली आणि कुठल्या दिशेने गेली हे हातात असते, म्हणून भोक कुठे पाडायचे ते कळते. बचावाच्या कामात ‘आत कोणीतरी आहे’ ही अर्धीच माहिती. ‘या स्लॅबखाली, इथून दोन मीटरवर’ ही पूर्ण माहिती. जवानांचे तास आणि कटरची पाती या दुसऱ्या माहितीवरच खर्च होतात.

झुरळाचा संदेश बाहेर येतो तो बिनतारी. सळयांचे जाळे असलेले काँक्रीट रेडिओलहरी अडवते, परतवते, वळवते. एकावर एक बसलेल्या चार-पाच स्लॅबखालून काही ग्रॅम वजनाच्या यंत्राने पाठवलेला संकेत बाहेरच्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून कॅमेऱ्याचे पूर्ण चित्र न पाठवता आतच निर्णय घेऊन छोटासा संदेश पाठवण्याची रचना शहाणपणाची आहे. पण ढिगाऱ्याखाली जीपीएस चालत नाही. झुरळ किती चालले आणि किती वळले हे पाठीवरच्या सेन्सरवरून मोजत गेले तर चूक पावलोपावली साठत जाते, त्यातून झुरळ सरळ चालणारे वाहनही नाही. माणूस ओळखण्यापेक्षा स्वतःची जागा ओळखणे हे या तंत्रापुढचे जास्त कठीण काम आहे. संशोधनाच्या बातम्यांत मात्र पहिल्याचीच आकडेवारी येते.

उष्णतेचाही प्रश्न आहे. इन्फ्रारेड कॅमेरा माणूस ओळखतो ते तो भोवतालापेक्षा गरम असतो म्हणून. प्रयोगशाळेच्या गार हवेत ३४-३५ अंशांची त्वचा ठळक उठून दिसते. मध्य म्यानमारमध्ये मार्चअखेर पारा ४० च्या आसपास असतो आणि उन्हात तापलेले काँक्रीट त्याहून गरम होते. भोवताल आणि शरीर यांच्या तापमानातले अंतर मिटले की कॅमेऱ्याला माणूस आणि भिंत सारखेच दिसू लागतात. अंतर उलटले तर माणूस थंड डाग म्हणून दिसतो. हे भौतिकशास्त्राचे साधे म्हणणे आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत असा प्रसंग आला तर हाच प्रश्न उभा राहील. रात्रीच्या फेऱ्या किंवा ढिगाऱ्याच्या खोल, सावलीतल्या भागापुरता वापर हे त्यावरचे तात्पुरते उत्तर असू शकते. पक्के उत्तर म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारा सेन्सर जोडीला देणे, आणि त्यासाठी वजन व बॅटरी पुन्हा मोजावी लागेल.

८७ टक्क्यांच्या आकड्याकडेही जरा थांबून बघावे. प्रयोगातली अचूकता म्हणजे ‘माणूस’ आणि ‘माणूस नाही’ अशी चित्रे बरोबर वेगळी करणे. ढिगाऱ्यात चुकीचे ‘आहे’ आणि चुकीचे ‘नाही’ यांची किंमत सारखी नसते. चुकीच्या ‘आहे’मुळे पथक काही तास भलतीकडे खणते आणि त्या वेळात दुसरीकडचा माणूस जाऊ शकतो. चुकीच्या ‘नाही’मुळे जिवंत माणूस मागे राहतो. यंत्राचा कल यातल्या कोणत्या चुकीकडे ठेवायचा हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या पथकप्रमुखाने ठरवावे. एकच झुरळ तीच पोकळी अनेक बाजूंनी बघू शकते आणि दहा झुरळे एकमेकांचे काम तपासू शकतात, त्यामुळे एका चित्राची अचूकता हा शेवटचा आकडा नव्हे, हेही खरे.

आणि ‘नाही’ या उत्तराला किंमत असते का? माझ्या मते असते, पण ती लिहून ठेवायला जागा हवी. आंतरराष्ट्रीय बचावपथके इन्साराग या संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत काम करतात. त्यात पाहणीपासून पूर्ण उकरण्यापर्यंत शोधाच्या पाच पातळ्या आहेत आणि तपासलेल्या इमारतीवर खुणा करण्याची ठरलेली पद्धत आहे. झुरळांची फेरी यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या पातळीच्या मध्ये कुठेतरी बसते: भरभर शोध संपलेला, आणि स्लॅब कापून आत शिरायचे की नाही हे ठरवायचे बाकी. तिथे ‘या पोकळीत इतका वेळ, इतक्या झुरळांनी बघितले, कोणी आढळले नाही’ अशी नोंद झाली तर पुढचे पथक आपले कटर कुठे लावायचे ते ठरवू शकते. अशी नोंद झाली नाही तर फेरी वाया गेल्यासारखीच.

पोकळी असेल तरच

किल्लारीची आठवण इथे टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादमधली गावे कोसळली तेव्हा माणसे मेली ती जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीखाली. दगड-मातीचे घर पडते तेव्हा माती सगळ्या फटी बुजवून टाकते. हवा उरत नाही, वाटही उरत नाही. अशा ढिगाऱ्यात झुरळालाही फार आत जाता आले नसते. तिथे उपयोगाचे होते ते फावडे आणि तातडीने पोहोचलेले हात. उलट २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत पडली, तेव्हा दुसऱ्या दिवशी चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला, कारण काँक्रीटचे खांब आणि स्लॅब एकमेकांना टेकून आत पोकळी राहिली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी त्याला बाहेर काढले. मुंबई, ठाणे, भिवंडी, महाड इथे ज्या प्रकारच्या इमारती पडतात त्या नेपिडॉच्या जातीच्या आहेत. म्हणून हे प्रकरण आपल्याला लांबचे मानता येणार नाही. पण किल्लारीसारख्या गावात या तंत्राकडून अपेक्षा ठेवू नये, हेही आत्ताच स्पष्ट सांगितलेले बरे.

झुरळाच्या बाजूने

या विषयावर लिहिणारे बरेच जण हा भाग एका ओळीत उरकतात. मला तो उरकता येत नाही.

झुरळावर यंत्र बसवताना त्याला थंडीने किंवा कार्बन डायऑक्साइडने निश्चल करतात. निश्चल होणे आणि वेदना न होणे या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरता येत नाही. २०२२ मध्ये कीटकांच्या वेदनेबद्दलच्या पुराव्यांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आठ निकष लावले होते. प्रौढ झुरळे आणि वाळवी यांचा गण, तसेच माश्या आणि डास यांचा गण, आठपैकी सहा निकषांवर उतरले. तपासलेल्या कीटकांत हे सर्वांत वरचे. वेदना सिद्ध झाली असे आढावा घेणाऱ्यांचे म्हणणे नव्हते, पण ‘झुरळाला काय कळते’ हे वाक्य यानंतर जबाबदारीने म्हणता येत नाही.

ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी झुरळाला त्रास देणे मी समर्थनीय मानतो. पण हे समर्थन कामाच्या हेतूला बांधलेले आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत बॅकयार्ड ब्रेन्स या कंपनीने मोबाइलवरून झुरळ वळवण्याचा संच विद्यार्थ्यांसाठी विकायला काढला, तेव्हा त्यावर जी टीका झाली ती मला पटते. त्यातून चेतासंस्थेचा धडा मिळतो हे मान्य केले तरी मुलाच्या हाती जाते ते जिवंत प्राण्यावरचे बटण. लष्करी वापराचा प्रश्न तर पुन्हा दारात आला आहे. जर्मनीतल्या कासेल शहरातली स्वॉर्म बायोटॅक्टिक्स ही कंपनी टेहळणीसाठी याच जातीच्या झुरळांवर काम करते आणि २०२५ मध्ये तिने एक कोटी युरोंचे भांडवल उभे केले. ज्या तंत्रात पहिला मोठा पैसा संरक्षण खात्याकडून आला ते मदतकार्याच्या वाटेने फिरून पुन्हा तिथेच जात आहे. बचावासाठी या तंत्रावर काम करणाऱ्यांनी ही वाट डोळ्यांआड करू नये.

ताबा सोडण्याचा मुद्दा इथेही लागू पडतो. झुरळाला कमी टोचणारी पद्धत अभियांत्रिकीच्या दृष्टीने चांगली निघाली आणि झुरळाच्या दृष्टीनेही. असा मेळ नेहमी बसत नाही, म्हणून तो बसला असताना त्याची नोंद घ्यावीशी वाटते.

भूकंपानंतरचे बदल

नेपिडॉनंतर चार महिन्यांत, जुलै २०२५ मध्ये, नानयांगच्या गटाने झुरळावर यंत्र बसवण्याचे काम रोबोच्या हाताकडे सोपवल्याचे काम प्रसिद्ध केले. कॅमेऱ्याने झुरळाची पाठ बघून हा हात मानेमागच्या दोन कवचांमधल्या मऊ पडद्यात इलेक्ट्रोड बसवतो आणि यंत्र पाठीवर चढवतो. एका झुरळाला ६८ सेकंद लागतात. माणसाच्या हाताने हेच काम नाजूक, वेळखाऊ आणि करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असे. या नव्या जागेमुळे मिशांना हात लावावा लागत नाही, म्हणजे झुरळाचा अंधारातला हात शाबूत राहतो. ही सुधारणा मला वेगापेक्षाही महत्त्वाची वाटते.

बॅटरीच्या बाजूने जपानच्या रिकेन संस्थेत केन्जिरो फुकुदा आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्येच एक वाट दाखवली होती: ४ मायक्रोमीटर जाडीचा लवचीक सौरपट झुरळाच्या पोटावर अशा रीतीने चिकटवायचा की पोटाची हालचाल अडत नाही. त्यातून १७.२ मिलिवॉटपर्यंत वीज मिळाली. ढिगाऱ्याच्या अंधारात सौरपटाचा उपयोग नाही, पण फेऱ्यांच्या मधल्या वेळात उजेडात ठेवून बॅटरी भरता येईल. अतिपातळ पट चिकटवण्याचे त्यांचे तंत्र तर सेन्सरसाठीही वापरता येण्यासारखे आहे.

दहाच्या जागी शंभर झुरळे उतरवणे आता आवाक्यात येत आहे. पण संख्या वाढवण्याआधी मला तीन गोष्टी मोजलेल्या बघायच्या आहेत. खऱ्या सळयांच्या, खऱ्या जाडीच्या पडलेल्या स्लॅबखालून संदेश किती खोलीवरून बाहेर येतो. दहा मीटर आत गेल्यावर झुरळाने सांगितलेली जागा आणि खरी जागा यांत किती अंतर पडते. आणि भोवतालचे तापमान ३८ अंशांच्या वर गेले की कॅमेऱ्याची ओळख कितीने घसरते. तिन्ही चाचण्यांना भूकंपाची वाट बघावी लागत नाही. पाडायला काढलेल्या इमारती प्रत्येक शहरात असतात, आणि बचावपथकांच्या सरावाची मैदानेही. सिंगापूरच्या अभियंत्यांनी या चाचण्या पथकांच्या जवानांना बरोबर घेऊन कराव्यात, आणि केबलचा कॅमेरा शेजारी ठेवून कराव्यात.